सोडतीच्या कूपनांचा हिशेब कुठे असतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की नागपुरात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग कूपनांचाही. शाळेचे स्नेहसंमेलन, वसाहतीतील मंडळाचा वर्धापनदिन, संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू, एखाद्या वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी ठेवलेली गाण्यांची मैफल, यांपैकी कुठेही जा, पन्नास किंवा शंभर रुपयांचे, वर दुचाकीचे चित्र असलेले कूपन हातात पडतेच. देणाऱ्याची ओळख असते, कारण चांगले असते, रक्कम लहान असते, आणि म्हणून नाही म्हणवत नाही. मी आयुष्यभर लेखा विभागात नोकरी केली व निवृत्तीनंतर काही लहान धर्मादाय संस्थांच्या वह्या विनामूल्य पाहून देतो. त्या अनुभवावरून या प्रथेविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते. सोडतीतून निधी उभारणाऱ्या संस्थांच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या सोडतीला कायद्यात जागा नाही, आणि कायद्यात जागा नसल्यामुळेच तिला संस्थेच्या हिशेबातही जागा मिळत नाही. यांतील दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

आधी कायद्याचे पाहू. लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ या केंद्रीय कायद्यानुसार लॉटरी चालवण्याचा अधिकार फक्त राज्य शासनांना आहे, आणि तोही ठरावीक अटींवर: तिकिटावर शासनाचे बोधचिन्ह हवे, सोडत शासनाने स्वतः काढली पाहिजे, विक्रीचा पैसा शासनाच्या खात्यात जमा झाला पाहिजे, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी न नेलेले बक्षीस शासनाचे होते. १९६९ पासून चालत आलेली आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी याच चौकटीत बसते. याच कायद्याने लॉटरीची व्याख्या अशी केली आहे की तिकीट विकत घेऊन भाग घेणाऱ्यांमध्ये चिठ्ठीने किंवा नशिबाने बक्षिसे वाटणारी कोणतीही योजना, तिचे स्वरूप व नाव काहीही असो, लॉटरीच ठरते. त्यामुळे कूपनावर ‘किंमत’ न छापता ‘सहयोग मूल्य’ किंवा ‘देणगी’ असे छापले की काम भागते, ही अनेक कार्यकारी मंडळांची समजूत निराधार आहे. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि कायद्याच्या कक्षेत केवळ आयोजक नव्हे तर तिकीट विकणारा, वाटणारा आणि विकत घेणाराही येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्येही अनधिकृत लॉटरीची सोडत काढण्यासाठी जागा चालवणे हा गुन्हा आहेच. त्याच कलमाने अशा लॉटरीचा प्रस्ताव प्रसिद्ध करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सोडतीची निवेदने छापणाऱ्या वृत्तपत्रांनी तो मजकूर एकदा वाचून पाहावा, अशी आपल्यालाही नम्र सूचना आहे.

वृद्धाश्रमासाठी शंभर रुपयांचे कूपन विकणाऱ्या गृहिणीला कोणी पोलीस ठाण्यात नेणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि नेऊही नये. मात्र ‘कोणी काही म्हणत नाही’ ही परवानगी नव्हे. तक्रार करणारा एखादा विरोधी सभासद निघाला की, ज्यांनी निःस्वार्थपणे धावपळ केली त्याच पदाधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागतात.

यात आणखी एक गोंधळ मला नेहमी आढळतो. सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी गोळा करणारी, विश्वस्त संस्था म्हणून नोंद नसलेली मंडळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात. ती परवानगी वर्गणीची असते. तिच्यात सोडत बसत नाही, तरी परवानगीचा कागद फ्रेम करून मांडवात लावला की त्याच्या सावलीत लकी ड्रॉही चालतो. आपल्याकडच्या लकी ड्रॉ भिशीचा प्रश्न वेगळा आहे आणि तिच्यासाठी १९७८ चा बक्षीस चिठ्ठी योजनांवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा आहे. त्यात मी येथे शिरत नाही.

आता हिशेबाचे. सोडतीचे कामकाज जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी ते थोडे सविस्तर सांगतो. छापखान्यातून वीस-वीस कूपनांची पुस्तके येतात. प्रत्येक कूपनाला क्रमांक असतो आणि पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर घेणाऱ्याचे नाव व फोन नंबर लिहायचा असतो. पुस्तके कार्यकारिणीचे सदस्य, त्यांचे नातेवाईक, आणि शाळा असेल तर विद्यार्थी यांच्यात वाटली जातात. कोणाला कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत पुस्तके दिली याची नोंदवही असायला हवी, पण बहुतेक ठिकाणी ती एखाद्या उत्साही सदस्याच्या डायरीच्या शेवटच्या पानावर असते. मुलांच्या वाट्याला आलेली पुस्तके शेवटी आईवडीलच विकत घेतात. सोडतीच्या दिवसापर्यंत निम्मी पुस्तके परत आलेली नसतात, म्हणून सोडत महिनाभर पुढे ढकलली जाते. नवी तारीख ज्यांनी कूपन घेतले त्यांना कोणी कळवत नाही, कारण स्थळप्रतीवर नंबर लिहिलेलाच नसतो.

गेल्या हिवाळ्यात शहरातील एका सभागृहात मैफल होती. तिची सोडत मध्यंतराऐवजी शेवटी काढली गेली. व्यासपीठावर प्लास्टिकचा निळा ड्रम आणला, एका लहान मुलीला उचलून धरून तिच्याकडून चिठ्ठी काढवली, आणि पहिल्या बक्षिसाचा क्रमांक निवेदकाने तीनदा पुकारला. कोणीच उठले नाही. ‘संबंधितांनी आयोजकांशी संपर्क साधावा’ असे सांगून कार्यक्रम संपला. कुतूहलापोटी काही दिवसांनी कूपनावरच्या नंबरावर फोन केला, तेव्हा कळले की त्या क्रमांकाचे पुस्तक विकलेच गेले नव्हते. थोडक्यात, न विकलेल्या कूपनांच्या चिठ्ठ्याही ड्रममध्ये होत्या, आणि पहिले बक्षीस संस्थेकडेच राहिले. ती गाडी पुढे कोणाकडे गेली याचे उत्तर मला मिळाले नाही. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण हीच तऱ्हा अन्यत्रही आहे. फक्त विकलेल्या कूपनांच्या स्थळप्रती मोजून, त्यांवर दोघांच्या सह्या घेऊन मगच त्या ड्रममध्ये टाकणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते करायचे असते हेच कोणी सांगितलेले नसते.

वर्षअखेरीला हा पैसा वहीत उतरतो तेव्हा खरी अडचण सुरू होते. विश्वस्त संस्थांना ताळेबंद अनुसूची आठमध्ये व उत्पन्न-खर्चाचे पत्रक अनुसूची नऊमध्ये, म्हणजे विश्वस्त कायद्याखालील ठरलेल्या नमुन्यांत, द्यावे लागते. उत्पन्नाच्या बाजूला भाडे, व्याज, लाभांश, देणग्या, अनुदाने आणि इतर मार्गांचे उत्पन्न असे रकाने असतात. सोडतीचा रकाना नाही आणि असणारही नाही. मग खजिनदार सोडतीच्या जमेतून बक्षिसे, छपाई, सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था वजा करतो आणि उरलेली रक्कम ‘देणगी’ किंवा ‘इतर उत्पन्न’ म्हणून एका ओळीत लिहून मोकळा होतो. कूपने किती छापली, किती विकली, बक्षिसांवर किती गेले, यातले काहीच त्या ओळीवरून कळत नाही. सीताबर्डीच्या एखाद्या दुकानदाराने बक्षीस म्हणून दिलेला मिक्सर वहीत मुळीच येत नाही. होळीपर्यंत स्थळप्रती रद्दीत गेलेल्या असतात. पैसा कोणी खाल्ला असे मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी कोणी खाल्लेलाही नसतो. परंतु खाल्ला नाही हे सिद्ध करण्याचे साधन संस्थेच्या हाती राहत नाही, आणि प्रामाणिक माणसाला याहून वाईट जागा नाही.

ही रक्कम ‘देणगी’ म्हणून दाखवण्यातही धोका आहे. ज्या देणगीदाराचे नाव-पत्ता संस्थेकडे नाही, त्याची देणगी प्राप्तिकराच्या दृष्टीने निनावी ठरते. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यापलीकडील निनावी देणग्यांवर धर्मादाय संस्थेला ३० टक्के कर बसतो. लहान संस्था बहुधा या मर्यादेच्या आत राहतात, पण मोठ्या कार्यक्रमाच्या वर्षी ती सहज ओलांडली जाऊ शकते. कूपन घेणाऱ्यालाही काही पदरात पडत नाही. आजवर ८०जी या नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकरातील सवलत देणगीला आहे, बक्षिसाची संधी विकत घेण्याला नाही. तरीही ‘८०जी पावती मिळेल’ असे कूपन विकताना सांगणारे भेटतात.

आता आकडेमोडच करून पाहू. समजा, संस्थेने शंभर रुपयांची दोन हजार कूपने छापली. सगळी विकली गेली तर जमा दोन लाख. पहिले बक्षीस ९० हजारांची दुचाकी, दुसरे २५ हजारांचा फ्रिज, आणि अडीच हजारांचे दहा मिक्सर असे धरले, तर बक्षिसांवर १ लाख ४० हजार गेले. छपाईचे आठ हजार, सभागृह व ध्वनिव्यवस्थेचे पंधरा हजार. खर्च झाला १ लाख ६३ हजार, उरले ३७ हजार. म्हणजे पदाधिकाऱ्यांनी तीन महिने दारोदार फिरून मिळवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले साडेअठरा रुपये वृद्धाश्रमाला. चारशे कूपने पडून राहिली तर जमा १ लाख ६० हजार, आणि संस्थेला पदरचे तीन हजार घालावे लागतील. हे सगळे कराचा विचार न करता झाले. लॉटरीचे बक्षीस दहा हजारांहून अधिक किमतीचे असेल तर त्यावर ३० टक्के कर आधी भरला जायला हवा, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याची खात्री करूनच ती वस्तू सुपूर्द करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे. दुचाकीवर २७ हजार आणि फ्रिजवर साडेसात हजार, मिळून साडेचौतीस हजार. विजेत्याने भरले तर शंभर रुपयांच्या कूपनावर ‘फुकट’ मिळालेल्या गाडीसाठी त्याला २७ हजार मोजावे लागतात. संस्थेने भरले तर सर्व कूपने विकूनही तिच्याकडे अडीच हजार रुपये उरतात. बक्षिसे दुकानदारांनी दिलेली असतील तर गणित सुधारते हे खरे, पण जो दुकानदार ९० हजारांची गाडी देऊ शकतो तो धनादेशही देऊ शकतो, आणि त्या धनादेशाला पावती मिळते.

यावर मला दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे. लोक बक्षिसाशिवाय पन्नास रुपयेही देत नाहीत. सोडत असते म्हणून लहान माणूस पुढे येतो. नुसती देणगी मागितली तर तेच ते दहा-बारा मोठे देणगीदार उरतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते झटकून टाकणार नाही. कूपन विकत घेताना एक गंमत असते, आणि त्या निमित्ताने चार लोक कार्यक्रमाला येतात. मात्र लहान रक्कम देणारा माणूस बक्षिसाशिवाय हलत नाही, हे महाराष्ट्राच्या अनुभवाशी जुळत नाही. शतकापूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घरोघरच्या मूठभर धान्याचा, मुष्टिफंडाचा, आधार होता. त्या पैशाला किंवा मुठीला कोणी सोडतीचा क्रमांक लावला नव्हता. आज तर दाराशी फिरण्याचीही गरज उरलेली नाही. वीस रुपयेसुद्धा मोबाइलवरून थेट संस्थेच्या बँक खात्यात जातात, आणि ती नोंद कोणाच्या डायरीवर अवलंबून नसते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अन्य देशांत अशा लहान सोडतींना कायद्याने वाट करून दिलेली आहे. ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगारविषयक कायद्यानुसार लहान संस्था स्थानिक परिषदेकडे नोंदणी करून सोडत काढू शकतात. तिकिटावर संस्थेचे नाव, किंमत व सोडतीची तारीख छापावी लागते, जमा रकमेतील किमान २० टक्के संस्थेच्या उद्दिष्टासाठीच वापरावे लागतात, सोळा वर्षांखालील मुलांना तिकीट विकणे गुन्हा आहे, आणि सोडतीनंतर तीन महिन्यांत विक्री व खर्चाचे विवरण परिषदेला द्यावे लागते. वर मांडलेल्या उदाहरणातली आपली संस्था सगळी कूपने विकूनही या २० टक्क्यांच्या अटीत बसली नसती, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आपल्याकडेही लहान व मोठे यांत फरक करण्याची कल्पना अगदीच परकी नाही. १९५५ च्या बक्षीस स्पर्धांविषयीच्या केंद्रीय कायद्याने महिन्याला हजार रुपयांपर्यंत बक्षिसे आणि दोन हजारांपर्यंत प्रवेशिका अशा मर्यादेत परवान्याने स्पर्धा घेऊ दिल्या. त्या काळी वृत्तपत्रांतील बक्षिसाच्या शब्दकोड्यांनी धुमाकूळ घातला होता. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे ठरवले, तो वादही बंगळूरच्या एका नियतकालिकातून चालणाऱ्या अशाच कोड्यांचा होता. धर्मादाय सोडतींसाठी मर्यादित सूट हवी असेल तर ती संसदेकडे मागावी लागेल, कारण १९९८ चा कायदा केंद्राचा आहे. ती मागणी उघडपणे करावी. तोवर सूट मिळाल्यासारखे वागू नये.

मधल्या काळात करण्यासारखे बरेच आहे. सोडतीची गंमत ज्यांना सोडवत नाही त्यांनी पैसा आणि नशीब यांची फारकत करावी. सभागृहाच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने काही दिले असो वा नसो, क्रमांकाची चिठ्ठी विनामूल्य द्यावी आणि त्यातून स्थानिक दुकानदारांनी दिलेली लहानसहान बक्षिसे काढावीत. तिकीट विकत घेणे हा भाग निघून गेला की ती १९९८ च्या व्याख्येतील लॉटरी राहत नाही. देणगीचे टेबल वेगळे ठेवावे, तेथे क्रमांकित पावतीपुस्तक आणि संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड असावा, आणि देणगी देणाऱ्याला जास्तीची चिठ्ठी देण्याचा मोह टाळावा, कारण तेथेच सगळे पुन्हा मूळ पदावर येते. शाळकरी मुलांच्या हाती विक्रीची पुस्तके देणे तर आजच बंद व्हावे. वर्गात कोणाची किती पुस्तके खपली हे मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत ज्या शाळांत आहे, तेथील पालकांनी लेखी हरकत घ्यायला हरकत नाही.

नागपूरच्या सहधर्मादाय आयुक्त कार्यालयाला माझी विनंती अशी की गणेशोत्सवापूर्वी वर्गणीच्या परवानग्यांचे अर्ज येऊ लागतात त्याच वेळी सोडतीविषयी एक पानभर सोप्या मराठीतील परिपत्रक काढावे. कूपने विकून सोडत काढता येते का, विनामूल्य सोडत कशी घ्यावी, दुकानदाराने दिलेल्या वस्तूची नोंद अनुसूची नऊमध्ये कुठे करावी, आणि याआधी झालेल्या सोडतींची रक्कम वहीत कशी दाखवावी, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असली तरी पुरे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष निकडीचे आहे, कारण मार्चअखेरच्या वह्या घेऊन लेखापरीक्षकाकडे जाणारे खजिनदार दरवर्षी तोच प्रश्न विचारतात आणि दरवर्षी ‘इतर उत्पन्न’ लिहून परत येतात.

आपला,
एक निवृत्त लेखा अधिकारी
नागपूर